रविवारचा ठिपका

मशीन दुरुस्त करायला बसताना माणूस जुने कपडे घालतो. आमचे शेजारी शिवलिंगअप्पा इस्त्रीचे घालतात. रविवारी सकाळी आंघोळ, कपाळावर विभूती, पांढरा शर्ट, पांढरी टोपी आणि टोपीखाली हिरव्या काचांचा चष्मा, अशा थाटात ते बाहेरच्या खोलीत एका पत्र्याच्या पेटीपुढं बसतात. हातात छोटा पाना असतो. आमच्या मुरुम गावात नवीन आलेल्या माणसाला वाटावं, हे लग्नाला निघाले होते आणि वाटेत काहीतरी बिघडलं.

पेटी म्हणजे लेझरनं लाकडावर अक्षरं कोरायचं मशीन. आकार ट्रंकेएवढा. आत मागच्या बाजूला काचेची नळी असते, तिच्यातून किरण निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पहिल्या आरशावर आदळून वळतो, दुसऱ्यावर पुन्हा वळतो, तिसऱ्यावरून खाली उतरतो आणि भिंगातून जाऊन लाकूड जाळतो. प्रत्येक आरशामागं बारीक स्क्रू असतात. एखादा जरा फिरला की किरण भरकटतो. मग पाटीवरचं पहिलं अक्षर खोल उमटतं आणि शेवटचं उमटतच नाही.

किरण कुठं पडतो हे पाहायची रीत साधी आहे. आरशापुढं कागदी चिकटपट्टी लावायची आणि बटण क्षणभर दाबायचं. पट्टीवर तपकिरी ठिपका जळतो. मग आरसा लांब सरकवून पुन्हा बटण. जवळचा आणि लांबचा ठिपका एकावर एक पडला, तर किरण सरळ. अप्पांचे ठिपके एकावर एक पडलेले मी पाहिले नव्हते.

वर्तमानपत्रातली नोकरी संपवून मी मुरुमला परत आलो, तेव्हा शेजारधर्म म्हणून दारावरच्या पाटीचं काम त्यांना सांगितलं. सागवानी फळीही नेऊन दिली.

"ठिपका जुळला की पयली पाटी तुमची," अप्पा म्हणाले.

त्यानंतर दोन गणपती येऊन गेले. पाटी आली नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं: "पाव्हण्यांना इचारावं लागंल."

पाव्हणं म्हणजे त्यांचे जावई. पुण्यात एका कंपनीत इंजिनिअर आहेत. अप्पा निवृत्त झाल्यावर घरात नुसते बसून राहू नयेत म्हणून त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, गिरिजानं, हे मशीन पाठवलं. निवडलं जावयांनी, हट्ट तिचा. वर्षभरानं ती गेली. आजारपण थोड्या दिवसांचं होतं. मागं एक मुलगी राहिली, ओवी. जावयांनी दुसरं लग्न करावं हे पहिल्यांदा बोलले ते अप्पाच. पुण्याला जाऊन, समोर बसून बोलले. गेल्या उन्हाळ्यात ते लग्न झालं. अप्पांनी आहेर पाठवला. स्वतः गेले नाहीत.

मशीनबद्दल काकूंचं, म्हणजे अप्पांच्या पत्नीचं, मत वेगळं होतं. नळी तापू नये म्हणून तिच्यातून सतत पाणी फिरवावं लागतं. त्यासाठी पंप टाकलेली एक बादली कायम भरलेली असे, आणि मुरुमला नळ रोज येत नाही.

"आदी मशीनला पाणी, मग जास्वंदीला, आन् उरलं तर मला," असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. धूर झाला की आतून आवाज येई, "घर हाय का इटभट्टी?" अप्पांचा डोळा काकूंच्या पोळपाटावर होता. जुनं शिसवी लाकूड, चाचणीला उत्तम, असं त्यांचं म्हणणं. काकू पोळपाट धुऊन थेट कपाटात ठेवत. "त्येला हात लावलासा तर चपात्या मशीनवरच लाटायच्या," ही ताकीद मी स्वतः ऐकली आहे.

एक गोष्ट मला पटत नसे. अप्पा जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाले. बांधावरून भाऊ-भाऊ भांडत असले की उमरगा तालुक्यात अप्पांना बोलवा म्हणत. लाल-पांढऱ्या काठ्या रोवून, एक डोळा मिटून ते उभे राहत, आणि त्यांनी दगड घातला की तो कुणी हलवत नसे. काठ्यांचं ते अजूनही बोलतात: "जवळचं कुणालाबी जुळतंय. लांबचं जुळवायचं असतंय." ज्यानं मैलभर लांबीची हद्द सरळ आखली, त्याला ट्रंकेएवढ्या पेटीतला किरण सरळ करता येत नव्हता.

एका रविवारी पाटीची चौकशी करायला गेलो आणि अप्पांनी बसवून घेतलं. फोन लावलेला होता. पितळी तांब्याला टेकवून उभा केला होता, आणि पडद्यावर जावई होते.

"नमस्कार मामा. काय म्हणतंय मशीन?"

"नमस्कार पाव्हणं. लांबचा ठिपका खाली उतरलाय बगा."

"गेल्या आठवड्यात वर गेला होता ना?"

"व्हय. ह्या आठवड्यात खाली आलाय."

"पण नट आवळून घेतले होते आपण."

"आवळले हुते की. उसाच्या गाड्या जात्यात न्हवं का रस्त्यानं, हादरा बसतोय."

उसाचा हंगाम संपून तेव्हा बरेच दिवस झाले होते. जावई तसं काही म्हणाले नाहीत. शांतपणे पहिल्या आरशापासून सुरुवात केली. वरचा स्क्रू थोडा उजवीकडं, आता पट्टी बदला, आता बटण. एवढ्यात फोनमधून पळत येणारी पावलं ऐकू आली आणि एक लहान आवाज आतल्या खोलीकडं ओरडला, "आई, मशीनवाल्या अज्जांचा फोन!"

अप्पांचा पाना स्क्रूवर तसाच राहिला. मग ते फोनकडं वाकले.

"काय गं बाई, जेवलीस का?"

"अज्जा, मशीनला तीट लावली?"

पट्टीवरच्या जळक्या ठिपक्याला ती तीट म्हणत असे. अप्पांनी पट्टी सोलून फोनसमोर धरली. तिनं पाहिली.

"वाकडी लागली."

"मग कुटं पायजे, तूच सांग."

"थोडी वर. अजून वर. अज्जा, तुम्हाला येतच नाही!"

"न्हाय की येत. म्हणून तर तुला इचारतोय."

हे बराच वेळ चाललं. माझ्या लक्षात आलं की काकू दाराच्या चौकटीआड उभ्या आहेत. डोक्यावर पदर घेतला होता. जावयासमोर त्या कधी आल्या नाहीत. फोनला त्या दिसत नव्हत्या, पण त्यांना फोन दिसेल अशी जागा त्यांनी धरली होती. चौकटीवर तिथला रंग हातानं उडालेला होता.

पुढं एका शनिवारी संध्याकाळी वीज गेली. ती परत आल्यावर त्यांच्याकडंही आली का, हे पाहायला मी डोकावलो. मशीन चालू होतं. पेटीच्या झाकणातून उजेड दिसत होता, आणि आत माझी सागवानी फळी होती. घराचं नाव डावीकडून उजवीकडं उमटत गेलं. शेवटच्या कोपऱ्यातलं शेवटचं अक्षर पहिल्याइतकंच खोल आणि स्वच्छ होतं.

अप्पांनी फळी काढली, फडक्यानं पुसली, बाजूला ठेवली. मग पाना घेतला, पहिल्या आरशामागचा नट सैल केला, स्क्रू अर्धा फिरवला आणि नट पुन्हा आवळला. वळले तेव्हा मी दारात होतो.

"पाटी झाली न्हवं तुमची?" ते म्हणाले. "मग घ्या आन् गप ऱ्हावा."

मी बसलो. फळी माझ्याकडं सरकवून ते बोलू लागले.

"लेक हुती तवा फोन तिचा यायचा. आता कामाशिवाय जावयाच्या घरी फोन कसा लावायचा? नवा संसार हाय त्येंचा. ती बाई काय म्हणंल?"

"ओवी तुमची नात आहे, अप्पा."

"हाय की. पर रोज उठून नातीला बघायचंय म्हणलं तर पाव्हण्यांना अवघडल्यागत व्हतंय. मशीनचं म्हणलं की ते मोकळं बोलत्यात." त्यांनी पाना खिशात ठेवला. "काम आसलं की बरं आसतंय."

मी पाटी घरी नेली आणि दारावर न लावता कपाटात ठेवली. ती दारावर दिसली असती, तर मशीन बरं आहे हे गल्लीला कळलं असतं.

श्रावणात टेम्पो आला. जावयांनी नवं मशीन पाठवलं होतं. फोनवर ते फार आनंदात होते. "मामा, दर आठवड्याला तुमचे हाल बघवत नाहीत. यात आरसेच नाहीत. किरण थेट मशीनच्या डोक्यातूनच खाली पडतो, जुळवायचं काही नाही. जुनं त्याच टेम्पोत घाला, इथं एकाला सुट्या भागांसाठी हवंय."

अप्पांनी जुनं मशीन स्वतः पुसलं. टेम्पोत चढवताना खाली जुनी सतरंजी घातली. पंपाची बादली तेवढी राहिली, ती काकूंनी न्हाणीत नेली.

नवं मशीन पहिल्या फटक्यात चालू झालं. रविवारी अप्पांनी फोन लावला, तेव्हा ते पडद्यावर चालताना दिसत होतं. त्यामुळं खोटं बोलता आलं नाही.

"एकदम व्यवस्थित ना, मामा?"

"व्यवस्थित."

"मग झालं! आता कटकट नाही."

"न्हाय. ओवी कुटं हाय?"

"पोहायला गेली. काही अडलं तर सांगा हं, नक्की."

काही अडलं नाही. पुढच्या रविवारी सकाळी अप्पा इस्त्रीचा शर्ट, विभूती, टोपी अशा तयारीनं बसले होते. फोन तांब्याला टेकवलेला, पडदा काळा. काकू चौकटीपाशी होत्या. त्या दिवशी अप्पांनी फोन लावला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

तिसऱ्या रविवारी त्यांनी मला कंपाउंडवरून हाक मारली. नव्या मशीनबरोबर आलेलं माहितीपुस्तक माझ्या हातात दिलं.

"तुमी पेपरात हुता. बारीक वाचायची सवय हाय तुमाला. ह्याच्यात बिघडण्यासारखं काय आसतंय, तेवढं हुडकून सांगा."

मी ते पहिल्या पानापासून वाचलं. आरसे नव्हते, पाणी नव्हतं, जुळवायचे स्क्रू नव्हते. शेवटी देखभालीच्या पानावर एक ओळ सापडली.

"किरण बाहेर पडतो तिथं एक छोटी काच आहे. लाकडाच्या धुरानं ती काळी होते. मग अक्षर फिकं उमटतं."

"किती दिसात व्हती काळी?"

"धूर किती होतो त्यावर."

"आन् मग काय करायचं?"

"मऊ कापडानं पुसायची, असं लिहिलंय."

"तसं कुटं हुतंय," अप्पा म्हणाले. "नाजूक काच. पाव्हण्यांना इचारल्याबिगर कसं पुसायचं?"

त्या दिवशी मशीन सकाळपासून चाललं. अप्पांनी खोक्याच्या फळ्या जाळल्या, मोडक्या खुर्चीचा पाय जाळला, परसातल्या बाभळीचे तुकडे जाळले. अक्षरं नव्हती, नुसते काळे चौकोन. खिडकी त्यांनी मुद्दाम लावून घेतली होती. धूर दारातून आमच्या घरापर्यंत येत होता आणि आतून काकूंचा आवाज मात्र येत नव्हता.

दुपारनंतर मी गेलो. अप्पा दर तुकड्यानंतर वाकून काचेकडं बघत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते टोपीनं टिपत होते. जाळण्यासारखं लाकूड संपलं होतं.

"अजून साफच दिसतीय," ते म्हणाले.

चौकटीपाशी उभ्या असलेल्या काकू आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज झाला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पोळपाट होता. त्यांनी तो पदरानं पुसला आणि मशीनमध्ये ठेवायला अप्पांच्या हातात दिला.