मित्रांची उभारी आणि माझा मणका

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझ्याइतका शहाणा पेशंट आमच्या सर्जनच्या हातून अजून गेलेला नाही! (तसा 'गेलेला' नव्हे. बरा होऊन घरी गेलेला.)

माझ्या मणक्यातली गादी सरकली होती. कशी सरकली ते विचारू नका. विचारताच आहात म्हणून सांगतो. ऑफिसात पाण्याचा भरलेला जार मशीनवर चढवायला शिपाई येतच होता. पण नव्याने रुजू झालेल्या दोघीजणी रिकामे ग्लास घेऊन उभ्या होत्या आणि मला एकाएकी पुरुषार्थ आठवला. जार चढला. मी उतरलो, तो थेट फरशीवर!

ऑपरेशन झकास झालं. घरी सोडताना सर्जन म्हणाले, "वाकायचं नाही, उचलायचं नाही, कमरेला पीळ द्यायचा नाही. थोडं थोडं चालायचं. बाकी काही म्हणजे काही करायचं नाही."

"काही न करण्यात माझा हात कोण धरणार, डॉक्टर!" मी छाती पुढे काढून म्हणालो.

"हे मात्र खरं आहे," बायको इतक्या मनापासून म्हणाली की सर्जननी तिच्याकडे सहानुभूतीने पाहिलं.

तर असा मी आदर्श पेशंट. चार आठवडे पडून राहिलो असतो आणि खणखणीत बरा होऊन उठलो असतो. पण मला दोन मित्र आहेत.

पहिला प्रोफेसर. हा कुठल्याही कॉलेजात शिकवत नाही. विम्याच्या ऑफिसात आहे. पण भेटेल त्याला शिकवल्याशिवाय सोडत नाही म्हणून प्रोफेसर. दुसरा पैलवान. याचं फोटोफ्रेमचं दुकान आहे, पण दंड असे की फ्रेमला खिळा हाताने दाबून बसवत असेल. दोघांनी ठरवलं, आपल्या मित्राला उभारी द्यायची. रोज द्यायची.

प्रोफेसर यायचा तो पलंगावर पायथ्याशी बसायचा. त्यामुळे गादीला उतार व्हायचा आणि मी भोपळ्यासारखा त्याच्याकडे घरंगळायचो. "मन खंबीर तर मणका खंबीर!" तो म्हणायचा. पैलवान बोलायचा कमी. "शाब्बास!" म्हणून पाठीवर थाप मारायचा. शाबासकी नेहमी पाठीवरच का देतात हो? गुडघ्यावर द्यायला काय हरकत आहे?

या उभारीवर दिवसाला डझनभर कप चहा जायचा. तो करायची बायको. माझ्या पायात मोजे चढवायचे, उशा लावायच्या, पडलेली प्रत्येक वस्तू उचलून द्यायची, आणि वर हा चहा! तिच्या चष्म्याचा नंबर वाढला होता, पण माझ्यामुळे डोळे तपासायला जाणं राहूनच गेलं होतं.

शेवटी एका दुपारी ती निघाली.

"अहो, नीट ऐका. आज फिजिओथेरपीला नवीन बाई येणार आहेत, नेहमीच्या रजेवर आहेत. त्यांनाच दार उघडायचं. त्या दोघांना मी परत येईपर्यंत आत घ्यायचं नाही."

"अगं, मी काय लहान आहे?"

"लहान असता तर पाळणाघरात ठेवून गेले असते! शब्द द्या."

मी शब्द दिला. अगदी डोक्यावर हात ठेवून दिला. आणि ती कोपऱ्यावर पोचली असेल नसेल तोच बेल वाजली. बाईच असणार म्हणून मी दार उघडलं.

"वहिनी नाहीत?" पैलवान आत येत म्हणाला.

"नाही. आणि आत्ता नको रे, ती म्हणाली..." माझं वाक्य पुरं होईतो प्रोफेसर पंख्याखालची खुर्ची पकडून बसला होता.

आता खरं तर गप्प बसायचं. पण मी फुशारकी मारली, "आता मी पलंगावरून एकटा उठतो!"

"दाखव," प्रोफेसर म्हणाला.

मी दाखवलं. पलंगावर आडवा झालो, कुशीवर वळलो, पाय खाली सोडले, हाताने रेटा दिला आणि ताठ उभा राहिलो.

"शाब्बास!" पैलवानाचा हात वर गेला. मी चपळाईने भिंतीला पाठ लावली.

"चूक! साफ चूक!" प्रोफेसर म्हणाला. "पाठीचे इतके लाड केलेस तर ती डोक्यावर बसेल! मी व्हिडिओ बघितलाय. बघ आता." आणि तो जमिनीवर उताणा झाला. "गुडघे छातीशी घ्यायचे, आणि एका झटक्यात..."

कडक्! वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काही नाही," छताकडे बघत प्रोफेसर क्षीण आवाजात म्हणाला. "यापुढचं मला येत नाही."

"सरक! मी उचलतो!" पैलवान पुढे झाला.

"अरे, कमरेत वाकू नकोस! गुडघ्यात वाक!" मी ओरडलो. पण पैलवानाला पेशंट माणसाकडून शिकायची सवय नाही. तो कमरेतून वाकला, प्रोफेसरच्या काखेत हात घातले आणि दातओठ खाऊन हिसडा मारला. प्रोफेसर वीतभर वर आला आणि धपकन खाली गेला. पैलवान मात्र तसाच राहिला.

"अरे, सोड की मला!" प्रोफेसर कण्हला.

"कधीच सोडलंय! मीच वर येत नाहीये!"

एक आडवा, एक काटकोनात आणि मधोमध मी, विजेच्या खांबासारखा उभा! फोन माझ्या हातातच होता. पण बायकोला काय सांगणार? आणि तेवढ्यात पुन्हा बेल.

नवीन बाई वयाने लहान होत्या, पण चेहरा हेडमास्तरांचा. त्यांनी खोलीत नजर फिरवली. मी ताठ. कमरेला बांधायचा पट्टा शर्टाच्या आत. "पेशंट कुठायत?" त्यांनी विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत जमिनीवरून आवाज आला, "आई गं! पाठ गेली!"

बाई माझ्यावर कडाडल्या. "ऑपरेशन झालेल्या माणसाला खाली पाडलंत? आणि वर नुसते बघत उभे?"

"अहो, मला वाकता येत नाही..."

"येत नाही की नको असतं? घरोघरचे नातेवाईक सारखेच! आणि हे काका खाली काय शोधतायत?"

"कंबर," पैलवान म्हणाला.

"बाई, पेशंट मी आहे!"

"काम सांगितलं की सगळेच पेशंट होतात! या इकडे. पाय धरा यांचे."

आणि तेव्हा, वाचकहो, जमिनीवर पडल्या पडल्या प्रोफेसर म्हणाला, "धर रे! तुला जमेल! मन खंबीर कर!"

"वाघ आहेस तू!" काटकोनातून पैलवान म्हणाला.

खोटं कशाला बोलू? माझी छाती फुगली. सर्जन, टाके, दिलेला शब्द, सगळं विसरून मी वाकायला निघालो!

"खबरदार!"

दारात बायको. डोळे तपासताना थेंब घातलेले, त्यामुळे तिला सगळं धूसर दिसत होतं. उभा तो पैलवान आणि वाकलेला तो नवरा, असा तिने अंदाज बांधला. इतक्या वर्षांचा अनुभवही तसाच होता.

"वाकलात! शेवटी वाकलातच ना!" ती धावली, पैलवानाचे खांदे धरले आणि त्याला खाडकन सरळ केलं. पैलवानाने फोडलेली किंकाळी खालच्या मजल्यावरच्यांनी पंखा बंद करून ऐकली.

मग ती माझ्याकडे वळली. "भावोजी, यांना अक्कल नाही हे मला माहीत आहे. पण तुम्ही तरी? रात्री हे कुशीवर वळले तरी मी दचकून उठते हो. आणि हा माणूस कुणी वाघ म्हटलं की स्वतःचा मणका काढून द्यायला तयार!"

भावोजी म्हणून काय उत्तर द्यावं ते मला सुचेना, आणि नवरा म्हणून तर अजिबातच नाही.

"अगं... मी आहे," शेवटी मी पुटपुटलो.

तिने अगदी नाकाला नाक लावून माझ्याकडे पाहिलं. नंतर काही दिवस अजिबात पाहिलं नाही.

प्रोफेसरला त्या रात्री घरी हलवणं शक्य नव्हतं. तो माझ्या पलंगावर झोपला, माझ्या उशा घेऊन. मी बैठकीतल्या दिवाणावर. दुसऱ्या दिवसापासून दोघांनाही सक्तीची विश्रांती. आमच्या घरात शांतता पसरली. बेल वाजेना, गादीला उतार होईना, पाठ भिंतीला लावावी लागेना.

तपासणीला गेलो तर सर्जन चकित! "इतक्या झपाट्याने सुधारणा? केलंत तरी काय?"

मी माझ्या मनोबलाविषयी बोलायला तोंड उघडलं, पण बायको आधीच बोलली.

"काही नाही, डॉक्टर. यांचे मित्र आजारी आहेत."

आता मी हिंडूफिरू लागलोय. तेव्हा उभारी द्यायला जाणं माझं कर्तव्यच नाही का? परवा प्रोफेसरकडे गेलो. वहिनींनी दार बोटभर उघडलं आणि साखळी न काढताच म्हणाल्या, "भावोजी, ते झोपलेत."

"खरंच?"

"हो!" आतून प्रोफेसर खणखणीत आवाजात ओरडला. "गाढ झोपलोय!"