जावईबापूंचं कुलूप

साबणाच्या कारखान्यातल्या त्या यंत्राच्या हाताला सगळे जावईबापू म्हणायचे. नाव पॅकिंगच्या बायकांनी ठेवलं होतं आणि ते चपखल बसलं होतं. दिवसभर काम एकच, पट्ट्यावरून आलेला खोका उचलायचा आणि थप्पीवर ठेवायचा. पण रुबाब केवढा! भोवती पिवळ्या जाळीचा पिंजरा, लागणारं तेल परदेशी, आणि कामात असताना जवळ कुणी फिरकायचं नाही. चुकून कुणी मध्ये आलंच, तर जावईबापूंनी त्यालाही खोका समजून थप्पीवर ठेवलं असतं.

पिंजऱ्यात शिरायची रीत ठरलेली होती. बाहेरचा मोठा स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. चार माणसं आत गेली तर चार कुलपं. ज्याचं त्याने काढल्याशिवाय यंत्र सुरू व्हायचं नाही. प्रत्येक कुलपाला एक बिल्ला, आणि त्यावर घरी वाट बघणाऱ्या माणसाचा फोटो. ही रीत देखभाल खात्याच्या बाईंनी आणली, म्हणून त्या कुलूपबाई. त्यांच्या बिल्ल्यावरच्या लेकीचे पुढचे दोन दात पडलेले होते. लेक आता कॉलेजात जायची आणि फोटो बदल म्हणून रोज भांडायची. बाई काही बदलत नव्हत्या.

हे कुलपांचं वेड त्यांना उगीच लागलं नव्हतं. त्यांचे वडील पत्रा कापायच्या प्रेसवर कामाला होते, आणि पाच दाखवायचे झाले की त्यांना दोन्ही हात वर करावे लागायचे. लहानपणी बाईंना ती गंमत वाटायची.

मोठ्या साहेबांच्या डोळ्यांत मात्र ही कुलपं खुपायची. त्या दिवशी सकाळीच त्यांनी ठणकावलं होतं, की आज कुलपापायी काम अडलं तर सगळी कुलपं भंगारात जातील आणि एकच किल्ली त्यांच्या टेबलावर राहील. "दोन मिनिटांसाठी आत जायचं, त्याला कुलूप कसलं? आंघोळीला जातानासुद्धा लोक एवढी कडी-कुलपं करत नाहीत," ते म्हणाले. बाईंचा एकच नियम त्यांना मनापासून आवडला होता. कुलूप न लावता जो आत जाईल, त्याने जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये स्टुलावर उभं राहून सगळे नियम मोठ्याने वाचायचे. हे ऐकून साहेब पोट धरून हसले होते आणि तिथल्या तिथे मंजुरी देऊन मोकळे झाले होते.

जेवणाची सुट्टी तोंडावर आली असताना एक खोका तिरका होऊन पट्ट्यात अडकला. बाईंनी स्विच बंद केला, कुलूप घातलं, आत गेल्या, वाकून खोका ओढून काढला, बाहेर आल्या आणि दार लोटून दिलं. मग कुलूप काढायला खिशात हात घातला, तर किल्ली नाही.

जाळीतून पिंजऱ्यातली फरशी बघितली. लखलखीत. एप्रन झटकला, जेवणाचा डबा उलटा केला, पॅकिंगच्या बायकांनी त्यांचा अंबाडासुद्धा सोडून बघितला. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की किल्ली एखाद्या खोक्यात पडून बंद झाली असेल. झालं. सकाळपासून भरलेले खोके फोडायला सुरुवात झाली. साबणाच्या वड्या फरशीभर झाल्या. त्यात कुणीतरी पाण्याची बादली लवंडली आणि पॅकिंग विभागात फेस झाला. बाहेर माल न्यायला आलेल्या ट्रकवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना.

आता कुलूप कापायचं म्हटलं तरी साहेबांची परवानगी हवी, आणि साहेबांचा पत्ता नव्हता. खुर्चीवर कोट होता, टेबलावर निवलेला चहा होता. फोन बंद.

वायरमन डोकं खाजवत पुढे आला. "बाई, एका तारेचं काम आहे. मागून जोडतो, की जावईबापू चालू. साहेब इथे असते तर त्यांनीच सांगितलं असतं."

बाईंनी मान हलवली, पण नेहमीसारखी ठाम नाही. आज नाही म्हटलं तर उद्यापासून कुलपंच राहणार नव्हती. आणि आत आहे कोण? कुणीच नाही. एकदा, फक्त एकदा तार जोडली तर? त्या हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत. वायरमनने तेवढ्यावर मागचं झाकण उघडलं.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. साहेबांच्या मंडळी होत्या.

"अहो ताई, हे ठीक आहेत ना? बोलता बोलता फोन बंदच केला. ऑफिसात लोक डोकं खातात म्हणाले, जरा निवांत जागी जातो. मग म्हणाले, हं, इथे कुणी येत नाही, आता बोल."

बाईंनी विभागभर नजर फिरवली. फेस, वड्या, बायका, हॉर्न. इथे कुणी येत नाही अशी जागा या छपराखाली एकच होती.

"थांब," बाई म्हणाल्या.

"थांब," पिंजराही म्हणाला.

वायरमनचा हात तारेपाशी थिजला. खोक्यांच्या थप्पीमागून आधी टक्कल वर आलं, मग चष्मा, मग अख्खे साहेब. एका हातात फोन, दुसऱ्या हाताच्या मुठीत किल्ली.

"तारेला हात लावलास तर याद राख," ते वायरमनला म्हणाले, पण आवाज सकाळचा नव्हता.

झालं होतं ते असं. बाई आत वाकलेल्या असताना साहेब मागून शिरून थप्पीच्या पलीकडे फोनवर बोलत बसले. बाई गेल्यावर त्यांना फरशीवर किल्ली दिसली, ती त्यांनी उपकार म्हणून उचलली. दार आतून उघडत होतं, पण दारापाशी सगळी जनता जमलेली, आणि त्यांना ते स्टूल आठवलं. लोक जेवायला गेले की हळूच सटकू, असा त्यांचा बेत होता. पण किल्ली सापडेपर्यंत कुणी जेवायला जायला तयार नव्हतं.

"साहेब, तुमचं कुलूप?" बाईंनी विचारलं.

"दोनच मिनिटांचं काम होतं हो."

पॅकिंगची सगळ्यात जुनी बाई हातावरचा फेस पुसत म्हणाली, "साहेब, आंघोळीला जाताना तरी कडी लावावी माणसाने."

सगळे हसले. बाईंना हसू येईना. बाहेर येताना चारही कोपरे बघायचे, हा नियम त्यांचाच होता आणि त्यांनीच तो पाळला नव्हता. त्या तारेकडे बघत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, की कॅन्टीनमध्ये दोन स्टुलं लागतील.

दोघांनी आळीपाळीने नियम वाचले. साहेब अडखळले की बाई पुढचा शब्द सांगत होत्या. कोपऱ्यांचा नियम आला तेव्हा बाईच अडखळल्या, आणि तो साहेबांनी वाचला.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतःचं कुलूप घेऊन आले. चांगलं मोठं, पितळी. बिल्ल्यावर मंडळींचा फोटो. दुपारी ते ऐटीत पिंजऱ्यात जाऊन पाहणी करून आले, सगळ्यांना रीत समजावून सांगितली, आणि किल्ली खिशात घेऊन घरी निघून गेले.

पट्टा बंद. बाहेर ट्रकवाला हॉर्न देतोय. वायरमनने बाईंकडे बघितलं. बाईंनी फोन उचलला.

"वहिनी, साहेबांना तेवढं परत पाठवता का? नाही, नाही, कुणाला काही झालेलं नाही. तुमचा फोटो इथे लटकलाय."

वायरमनने तार गुंडाळून पेटीत टाकली, स्टूल ओढलं आणि साहेबांची वाट बघत बसला.