सनीची शीर

उल्हासनगर कॅम्प चारमधल्या त्या लॅब टेक्निशियनच्या कॉलेजात रक्त काढायला शिकवण्यासाठी एक रबरी हात होता. मागच्या बॅचने त्याला इतकं भोसकलं होतं की सुई कुठेही घाला, लाल पाणी कोपरातूनच गळायचं. त्यामुळे मुलांनी एकमेकांवर सराव करावा अशी प्रथा पडली. एकमेकांवर म्हणजे, खरं सांगायचं तर, सनीवर.

सनीची शीर होतीच तशी. त्याने बाही वर केली की ती दारातूनसुद्धा दिसायची. शीर त्याच्या बापाची होती आणि कुणाला नाही न म्हणण्याची खोड आईची. "सनी, जरा हात दे ना," असं कुणी म्हटलं की हा बाकावर आडवा व्हायचा, हात लांब करायचा, मूठ आवळायचा आणि म्हणायचा, "घ्या, पण लवकर आटपा." रक्त निघालं की टोचणाऱ्याने एक वडापाव द्यायचा, असा अलिखित दर होता. दोन वर्षं सनीच्या नाश्त्याचा खर्च असा भागला.

या सगळ्या धामधुमीत एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. कायम आडवा असल्यामुळे सनीने स्वतः कधी सुई हातात धरलीच नव्हती. हजेरीच्या वहीत मात्र त्याचं प्रॅक्टिकल शंभर टक्के भरलेलं होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बापाने, म्हणजे रघूने, आपल्या वर्कशॉपच्या ग्राइंडरवर हात ठेवून सांगितलं, "उद्या पास झालास तर बदलापूरच्या लॅबमध्ये जा, एसीत बस. नापास झालास तर हे मशीन तुझी वाटच बघतंय." ग्राइंडरचा आवाज ऐकला तरी सनीचे दात शिवशिवत. पास होणं त्याला भागच होतं.

परीक्षेचा नियम सोपा होता. ज्याने त्याने आपला माणूस आणायचा आणि एका फटक्यात रक्त काढायचं. सुई दुसऱ्यांदा घातली की नापास, पुन्हा सहा महिन्यांनी या. त्यामुळे परीक्षेआधी आठवडाभर एकेक जण सनीला कोपऱ्यात घेऊन गेला. अंबरनाथचा अल्पेश म्हणाला, "भाई, परीक्षेत माझ्या वाट्याला फास्टिंग शुगर आलीय. आदल्या रात्रीपासून काही खाऊ नकोस हां." राजसी म्हणाली, "प्लीज, उजवा हात माझा." असे सहा जण झाले. सनी सहाही जणांना "ये ना" म्हणाला.

सकाळी नऊ वाजता बाहेरून आलेले परीक्षक, संदीप सर, खुर्चीत बसले आणि चष्मा पुसत म्हणाले, "एका माणसाला दिवसभरात दोनच सुया. एका हाताला एक. तिसरी मी टोचू देणार नाही."

सहा जणांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सहाही जणांनी सनीकडे पाहिलं.

"सनी, तू मला बोलला होतास!"

"मला पण!"

"अरे, मी काय करू? सगळ्यांना बोललो होतो," सनी म्हणाला.

अल्पेश आणि राजसीचे नंबर आधी लागले. त्यांनी सनीचा एकेक हात उरकला, कापूस चिकटवला आणि सुटल्याच्या आनंदात वडापाव विसरून गेले. उरलेले चौघे माणसं शोधायला रस्त्यावर धावले.

त्या चौघांत मांजर्लीची हर्षदा होती. तिने समोरच्या पापडाच्या दुकानातल्या सिंधी शेठना गाठलं. "अंकल, दो मिनिट का काम है. थोडंसं रक्त पाहिजे."

"सुबह सुबह खून?" शेठ दचकले. मग त्यांनी विचार केला. "रिपोर्ट मिलेगा?"

"मिळेल ना."

"फ्री?"

"हो."

शेठनी गल्ल्याला कुलूप लावलं आणि जाता जाता शेजारच्या कापडवाल्याला सांगितलं. कापडवाल्याने टेलरला सांगितलं. टेलरने आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. साडेदहापर्यंत कॉलेजच्या जिन्यात मोफत तपासणी शिबिराची रांग लागली होती आणि कुणीतरी पुढे घुसलं म्हणून भांडणही सुरू झालं होतं.

"हे काय आहे?" संदीप सरांनी विचारलं.

"सर, कॅंडिडेटचे नातेवाईक आहेत," भारती मॅडम म्हणाल्या. त्या कॉलेजच्या मुख्य शिक्षिका, त्यामुळे त्यांना काहीतरी म्हणणं भाग होतं.

"मेरा थायरॉइड भी देख लो!" तेवढ्यात एक नातेवाईक रांगेतून ओरडला.

पण रांगेचा फायदा झाला. ज्याला हात नव्हता त्याला हात मिळाला. हर्षदाने शेठच्या जाड दंडाला पट्टा बांधला, बोटाने चाचपलं आणि एका फटक्यात रक्त काढलं. शेठना कळलंही नाही. बारा वाजेपर्यंत सगळे पास झाले आणि शेवटचा नंबर सनीचा आला.

सनीने हातमोजे घातले आणि रांगेकडे पाहून म्हणाला, "या, कोण येतंय?"

पुढे उभ्या असलेल्या टेलरने आधी सनीचं डावं कोपर पाहिलं. तिथे कापूस चिकटवलेला होता. मग उजवं पाहिलं. तिथेही कापूस.

"हा स्वतःलाच दोनदा टोचून बसलाय," टेलर मागच्याला म्हणाला. "याला अजून जमत नाही वाटतं."

पाच मिनिटांत जिना रिकामा झाला. थायरॉइडवालासुद्धा गेला.

सनी वर्गमित्रांकडे वळला. ज्यांनी दोन वर्षं त्याच्या रक्तावर शिक्षण घेतलं होतं, ती सगळी मंडळी भिंतीवरचे तक्ते वाचू लागली.

"अल्पेश?"

"भाई, माझं हिमोग्लोबिन डाऊन आहे रे."

"राजसी?"

"अरे, मला आज घरून सक्त मनाई आहे."

"सुई कधी धरलीयस का रे तू?" मागून कुणीतरी विचारलं. सनीला खूप वाईट वाटलं. त्याच्या कानात ग्राइंडर सुरू झाला.

"पाच मिनिटं," संदीप सर घड्याळ बघत म्हणाले.

तेव्हा हर्षदा पुढे आली आणि तिने बाही वर केली. सगळ्यांनी कपाळाला हात लावला. हर्षदाची शीर म्हणजे कॉलेजातली दंतकथा होती. ती भारती मॅडमनाही सापडली नव्हती.

"वेडी आहेस का? तुझी तर दिसत पण नाही," सनी कुजबुजला.

"पहिल्या वर्षी माझा हात थरथरायचा. मी चार वेळा चुकले आणि रडायला लागले. तेव्हा तू काय बोललास, आठवतंय? 'टोच ना, माझी शीर काय पळून जातेय?' आता तू टोच. माझी पळाली तर पळाली."

सनीने पट्टा बांधला. दिसत काहीच नव्हतं. त्याने डोळे मिटले. दोन वर्षं बाकावर पडल्या पडल्या भारती मॅडमचं ओरडणं त्याने इतक्या वेळा ऐकलं होतं की ते झोपेतही आठवलं असतं. डोळ्यांनी शोधू नकोस, बोटाने शोध. सुईचं तोंड वर. उभी घालू नकोस, तिरकी घाल. आणि चुकलं की कसं दुखतं, बरोबर गेली की कसं काहीच कळत नाही, हे तर कॉलेजात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. कोपराच्या जरा बाहेरच्या बाजूला त्याच्या बोटाला काहीतरी मऊ लागलं. त्याने डोळे उघडले आणि सुई घातली.

"घाल ना आता," हर्षदा दात आवळून म्हणाली.

"गेली," सनी म्हणाला. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त येत होतं.

त्याने आधी पट्टा सोडला, मग सुई काढली, कापूस दाबला, नळी हळूच उलटसुलट केली, तिच्यावर नाव लिहिलं, ती सरांपुढे धरली आणि म्हणाला, "सर, सॅम्पल." मग डोळे पांढरे करून सरळ खाली बसला आणि तिथेच लवंडला. कालच्या जेवणानंतर त्याच्या पोटात काहीच गेलं नव्हतं. पडतानाही नळी धरलेला हात त्याने वरच ठेवला होता.

संदीप सरांनी खाली वाकून आधी नाडी पाहिली आणि मग त्याच्या मुठीतून नळी सोडवून घेतली. "नमुना व्यवस्थित आहे. पेशंट व्यवस्थित आहे. टेक्निशियन पडला तर मार्क कापायचे, असं कुठे लिहिलेलं नाही," असं म्हणत त्यांनी कागदावर 'पास' लिहिलं.

"अल्पेश, याला उपाशी कुणी ठेवलं?" भारती मॅडम कडाडल्या. अल्पेश आणि राजसी जिना उतरून धावत सुटले आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच शेवचटणीसकट अर्धा डझन वडापाव घेऊन आले. सनीला बाकावर निजवलं होतं. सगळे त्याच्याभोवती वाकले होते आणि हर्षदा वहीने वारा घालत होती.

"सनी, ए सनी! पास झालास रे!"

सनीने डोळे उघडले नाहीत. पाठीला बाक लागला होता आणि आसपास माणसं वाकली होती, एवढं त्याला पुरेसं होतं. त्याने सवयीने हात लांब केला, मूठ आवळली आणि म्हणाला, "घ्या, पण आज आधी वडापाव."