तळ्याकडील खिडकी काबीज केल्याची हकीकत

सकळ सगेसोयरे यांसी विदित व्हावे. हैदराबादेत काचीगुड्याच्या आईसाहेब पंचफुलाबाई यांनी तळ्याकाठी खिडकी काबीज केली, ती हकीकत जैसी घडली तैसी लिहिली आहे. पदरचे काही घातले नाही.

कालकथित तीर्थरूप भिवाजीराव हयात असता नांदेडच्या बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरीत, आणि खिडकी आईसाहेबांस देऊन आपण कडेस बसत. ऐसी चाळीस वर्षे गेली. मग गेल्या साली फोनवर तळ्याकाठचे नवलाचे मुक्काम, ज्यांस हल्ली ग्लॅम्पिंग म्हणतात, ते पाहता काचेचे घुमट आणि पिंपाच्या खोल्या सोडून तीर्थरूपांची नजर एका मोडीत निघालेल्या लाल बसवर बसली, आणि त्यांनी फर्माविले की, या खेपेस खिडकी माझी. मग पावसाळ्यात ते गेले. फर्मान राहिले.

सबब डिसेंबरच्या शनिवारी आईसाहेबांनी कूच केले. संगे चिरंजीव प्रबुद्ध, कन्या रूपाली, आणि बेगम बाजारच्या फरसाणाची रसद.

बसमध्ये खोल्या दोन. पुढचीस झाडी, मागचीस तळे. मुक्काम सांभाळणारे किल्लेदार हणमंतराव यांचा दंडक की, जो आधी कब्जा करील त्याची पसंती. तो त्याच घटकेस गच्चीबावलीचे सरदार सारंगराव, मूळ पुण्याचे, सहकुटुंब दाखल जाले, आणि चाकांची बॅग घेऊन दाराकडे धावले, आणि बॅग दारात आडवी बसली, मग सारंगराव बॅगेत अडकले, मग मागून कुटुंब ढकलू लागले, आणि प्रबुद्ध बॅगेवर चढाई करिता त्याची एक चप्पल कामी आली.

आईसाहेब दाराकडे गेल्याच नाहीत. बसला वळसा घालून मागे आल्या, आणि कमरेस खोचलेला तीर्थरूपांचा निळ्या चौकड्यांचा रुमाल खिडकीतून आत टाकिला.

सारंगरावांनी दारातूनच तक्रार गुदरली, "काकू, हे ऑनलाइन बुकिंग आहे, एसटी नाही!"

"बसच हाय ना? मंग रुमाल चालतो," ऐसा आईसाहेबांचा जबाब.

हणमंतरावांनी रुमाल नीट न्याहाळिला आणि निवाडा दिला, "रुमाल पड्या सो सीट अम्मा की. नक्को झगडो."

मग तह जाला. तहात निम्मे फरसाण गेले.

सांजेस चहा आला. खिडकीशी दोघांपुरते जुने बाक होते. आईसाहेब कडेस बसल्या. रूपालीने अर्ज केला की, खिडकीशी सरकावे. हुकूम जाला की, ती जागा धरलेली आहे.

रुमाल कोणी उचलिला नाही. येणेप्रमाणे फत्ते होऊन तळ्याकडील खिडकी तीर्थरूपांच्या नावे कायम जाली.