गावाचा सायलेन्सर

आमचे गंगाधरमामा कुणाच्याही घरी गेले की आधी घराला वळसा घालून मागं जातात आणि न्हाणीचं पाणी कुठं जातं ते बघून येतात. मग चप्पल काढतात, आत येतात आणि चहा घेतात. पाणी उघड्यावर सुटलेलं दिसलं तर चहा नाही. गावातल्या निम्म्या घरांची साखर त्यांनी अशी वाचवली आहे.

मामा माझ्या आईचे भाऊ वगैरे नाहीत. ते आमचे शेजारी, पण साऱ्या गावाचेच मामा. भोकरला एसटीत मेकॅनिक होते, रिटायर होऊन गावात आले आणि दुरुस्तीला बस उरल्या नाहीत म्हणून गावाच्या दुरुस्तीकडं वळले. आमचं गाव नांदेडपासून फार लांब नाही, अगदी गोदावरीच्या काठाला. इकडं तिला गंगाच म्हणतात. गावाची मोठी नाली या गंगेला मिळते, ती नेमकी धुण्याच्या घाटाच्या वरच्या अंगाला. म्हणजे गावानं वरून सोडायचं आणि त्यातच खाली बायकांनी कपडे खळबळायचे. दिसत सगळ्यांना होतं, खुपत एकट्या मामांना होतं.

"जयभीम, मामा," असं म्हटलं की उत्तर ठरलेलं. "जयभीम. ते ऱ्हाऊ दे, पानी जातंय कुठं?"

मग व्याख्यान. "गाव म्हंजे गाडी हाय. डिझेल टाकायला समदे पुढं. नळ आला, टाकी आली, लई खुशी. पर धूर निघायचा कुठून? आपल्या गावाला सायलेन्सरच न्हाई."

माझ्यासाठी लातूरला मुलगी बघायला गेलो तेव्हा वडिलांनी मोठ्या मानानं मामांना सोबत घेतलं. पोहे आले, मुलगी आली, मामा मात्र गायब. मुलीच्या वडिलांचा जीव टांगणीला. शेवटी मामा परसातून हात झटकत आले आणि सगळ्यांसमोर निकाल देऊन मोकळे झाले. "सोयरीक करा. पानी मुरवायला पक्का शोषखड्डा हाय, वर झाकण बी हाय." मुलीला त्यांनी पाहिलंच नाही. तीच माझी बायको, आणि भांडण झालं की ती अजूनही म्हणते, तुम्ही मला नाही, खड्ड्याला हो म्हणालात.

अशा माणसाच्या स्वतःच्या घरी काय असावं? दिव्याखाली अंधार. मामांच्या न्हाणीचं पाणी मागं तसंच सुटलेलं, आणि त्यात कर्दळीचं माजलेलं बेट. ती कर्दळ मामींनी लावलेली. मामी होत्या तेव्हा यावरून रोज खटका उडायचा. आमच्या ओट्यावर बसून ऐकायला मजा यायची.

"काय चिखल करून ठेवलाय. उद्या सिमिट आणून टाकतो," मामा गरजायचे.

"टाका की. तिला तहान लागती, तवर पिऊ द्या," मामी आतूनच म्हणायच्या.

ते सिमेंट कधी आलं नाही. पुढं मामीच गेल्या. घर गप्प झालं, मामांची बडबड मात्र दुप्पट झाली. पंचायत, तालुका, जिल्हा, जिथं खुर्ची दिसेल तिथं जाऊन ते सायलेन्सर मागू लागले. त्यांना पाहिजे होतं मशीन, घरघर करणारं, पंखे फिरवणारं, घाण पाणी आत घेऊन चांगलं बाहेर सोडणारं. पोरं चिडवायची, "मामा, तुमच्या न्हाणीचं पानी जातंय कुठं?" तेव्हा मात्र हा बोलका माणूस रस्त्याच्या पलीकडं बघत निघून जायचा. आम्हाला वाटायचं, आळस.

अखेर जिल्ह्याहून इंजिनिअर मॅडम आल्या. ग्रामसभा भरली. मॅडमनी सरळच सांगितलं, "मशीनला निधी मिळेल, पण लाइट बिल गावानं भरायचं."

सरपंचबाईंनी कपाळाला हात लावला. "रस्त्यावरच्या दिव्यांचंच बिल भरता भरता जीव चाललाय, मॅडम."

मॅडमनी दुसरा मार्ग काढला. घाटाच्या वर पंचायतीची पडीक जागा होती. तिथं मोठा हौद, त्यात गाळ बसेल. पुढं खडीचा लांब वाफा, त्यात झाडं. पाणी मुळांमधून झिरपत निवळेल आणि मग गंगेला जाईल. लाइट नको, पंखा नको. पण ठराव आजच पाहिजे, नाहीतर निधी दुसऱ्या गावाला जाईल.

मामा उठले. आता तासभर सुटका नाही म्हणून लोक सैल होऊन बसले. "मॅडम, मी इतकी वर्षं मशीन मागून राहिलो. आन् तुम्ही झाडं लावा म्हणता? झाडानं गाव साफ होत असतंय का?" सभेत कुजबुज वाढली. मामा नाही म्हणाले तर ठराव अडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. इतक्या वर्षांची त्यांचीच धडपड त्यांच्याच हातानं बुडते की काय, असं मला वाटलं.

"कंचं झाड?" मामांनी विचारलं.

"कर्दळ," मॅडम म्हणाल्या. "मुळं दाट असतात आणि पाणी खूप पिते."

मामा उभेच राहिले. मग उपरण्यानं त्यांनी तोंड पुसलं, चांगलं खसखसून पुसलं, आणि खाली बसले.

"लिहा ठराव," ते म्हणाले. "कर्दळ इकत आणू नका. माझ्या घरी हाय."

मामांविषयी मला तेव्हा फार माया वाटली. ते सिमेंट का आलं नाही, हे इतकं शेजारी राहून मला त्या दिवशी कळलं.

काम व्हायला वेळ लागला, सरकारी कामाला लागतो तेवढा. मामांनी मामींच्या बेटातले कंद स्वतः खणले, घमेल्यात घालून घाटावर नेले आणि वाफ्यात एकेक लावले. कुणाला हात लावू दिला नाही. आता तिथं तांबडी-पिवळी फुलं डुलतात. पाणी काही प्यायचं नाही, पण वास गेला, आणि घाटावर बायका परत गप्पा मारत धुणं धुतात. मामा रोज संध्याकाळी त्या वाफ्याच्या कडेला जाऊन बसतात. कुणाला अडवत नाहीत, व्याख्यान देत नाहीत.

मी परवा तिकडून येत होतो. त्यांचीच गंमत त्यांच्यावर उलटवावी म्हणून म्हणालो, "जयभीम, मामा. पानी जातंय कुठं?"

मामा हसले. एक वाकलेलं पान त्यांनी हातानं सरळ केलं.

"आधी तुझ्या मामीकडं," ते म्हणाले. "मंग गंगेत."