साहेबांची कवळी आणि बंद गोदाम

गोदामाच्या दाराला टाळं लागलं, फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटल्या, कवटीचं चित्र असलेली लाल पाटी लटकली, आणि मग कुठे साहेबांच्या लक्षात आलं की आपल्या तोंडात दात नाहीत.

साहेब म्हणजे या धान्यगोदामाचे मुख्य अधिकारी. कवळी नवी होती आणि हिरड्यांना टोचायची. त्यामुळे भोवती कुणी नसलं की साहेब ती काढून रुमालात गुंडाळायचे आणि हाताला येईल तिथे ठेवून द्यायचे. आज सकाळी पाहणी करताना रुमाल गव्हाच्या पोत्यावर ठेवल्याचं त्यांना पक्कं आठवत होतं. उचलल्याचं काही केल्या आठवेना.

एरवी हे चाललं असतं हो. घरी जाऊन पेज प्याले असते. पण आज दुपारी गोदामपाल नानांचा निरोप समारंभ होता आणि मुख्य भाषण साहेबांचं होतं. साहेबांच्या भाषणाची ख्याती काय सांगावी! मागच्या खेपेला ज्यांना निरोप द्यायचा होता तेच गृहस्थ डुलकी लागून खुर्चीवरून घसरले होते. तरी साहेबांची हौस दांडगी. नानांसाठी महिनाभर खपून त्यांनी कागदांचा हा एवढा गठ्ठा लिहून काढला होता. नानांवर त्यांचा जीव होता, हे मात्र खरं.

"बाई, दार उघडा!" साहेब धावत आले. "माझी कवळी आत राहिली. फकाळपाफून पोत्यावर आहे!"

गॅसबाई, म्हणजे धान्यातली कीड मारणाऱ्या पथकाच्या प्रमुख, कमरेवर हात ठेवून दारासमोरच उभ्या राहिल्या. किल्ली त्यांच्या गळ्यात होती. "दार आता उघडत नसतं, साहेब. आत गोळ्या ठेवल्यात. हवेतल्या दमटपणानं त्यांतून गॅस सुटायला लागलाय. दिवस भरले की सगळं उघडायचं, हवा खेळवायची, मीटर लावून बघायचं, आणि मगच माणूस आत."

"मी फ्वाफ रोखून जातो ना!"

"तुम्हाला बोलताना श्वास घेण्यापुरतं थांबलेलं तरी कुणी पाहिलंय का? आणि वास आला की पळेन असंही मनात आणू नका. लसणासारखा वास येतो म्हणतात, पण कधी कधी तो यायच्या आतच माणूस आडवा होतो. ह्या विषाला उतारा नाही, साहेब. कवळी दुसरी करता येते."

साहेब मुकाट्यानं वळले. गॅसबाईंना हे मुकाट्यानं वळणं काही बरं दिसलं नाही, आणि त्यांचा अंदाज खरा निघाला. गोदामाला वळसा घालून त्या मागच्या बाजूला पोचल्या, तर साहेब स्टुलावर चढलेले, नाकातोंडाला ओला टॉवेल बांधलेला, आणि नखानं खिडकीची पट्टी उचकटायचं काम सुरू.

"खाली उतरा! आधी खाली उतरा!" बाईंनी पँटचा पट्टा धरून त्यांना असं ओढलं की साहेब, स्टूल आणि टॉवेल एकदमच खाली आले. त्यांना लांब नेऊन बाईंनी स्वतः मास्क चढवला आणि त्या मीटर घेऊन खिडकीपाशी फिरल्या. मीटरवर शून्य होतं. पट्टीचा कोपराच तेवढा सुटला होता. तो त्यांनी पुन्हा घट्ट चिकटवला आणि मग मास्क काढून त्या साहेबांवर उखडल्या.

"ओला टॉवेल! हा गॅस ओल्या फडक्याला भीक घालत नाही. त्याला ह्याच गॅससाठी केलेला मास्क लागतो, आणि तो घालायला शिकलेला माणूस लागतो. तुम्हाला काही झालं असतं तर वहिनींना मी काय सांगणार होते? दातांपायी गेले म्हणून?"

बोलता बोलता बाईंनी साहेबांना खिडकीपासून आणखी दहा पावलं मागे ढकललं. ते पाहून साहेब पहिल्यांदा खरे घाबरले. "चुकलं माझं," ते म्हणाले.

समारंभ पलीकडच्या इमारतीत होता. साहेब उभे राहिले, तशी लोकांनी सवयीनं खुर्चीत पाठ टेकली. साहेबांनी गठ्ठा उघडला. "फन्माननीय..." मागून कुणीतरी खोकल्याच्या आडून हसलं. साहेबांनी कागदांकडे पाहिलं. पानापानावर स आणि श नुसते पसरले होते. त्यांनी गठ्ठा मिटला.

"नाना," ते म्हणाले, "गोदामाला तुम्ही होता, म्हणून मी घरी निवांत झोपलो. उद्यापाफून झोप येणार नाही."

आणि ते खाली बसले. बसले म्हणजे खरंच बसले! क्षणभर कुणाचा विश्वासच बसेना. मग जी टाळी पडली ती थांबायचं नाव घेईना. नानांचे डोळे भरून आले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, झटकला, आणि टेबलावर खटकन काहीतरी पडलं.

कवळी!

"अरे देवा!" नाना म्हणाले. "दार लावायच्या आधी मी फेरी मारतो ना, कुणाचं काही राहिलंय का बघायला. पोत्यावर रुमाल दिसला. मला माझाच वाटला. टाकला खिशात."

साहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी ज्याच्याफाठी खिडकीवर चढलो..."

"ते सकाळपासून नानांच्या खिशात होतं," गॅसबाई म्हणाल्या, आणि इतका वेळ दाबून धरलेलं हसू आणि रडू त्यांना एकदमच फुटलं. साहेबही बोळक्या तोंडानं पोट धरून हसायला लागले. आपण जिवंत आहोत याचा इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता.

हसता हसता त्यांचा एक हात कवळीकडे गेला. दुसरा गठ्ठ्याकडे.

लोकांनी पुन्हा खुर्चीत पाठ टेकली. नानांनी घाईघाईनं कवळी उचलली, रुमालात गुंडाळली आणि पुन्हा खिशात घातली.

"साहेब, उद्या घरी आणून देतो," ते हात जोडून म्हणाले. "आज फार छान बोललात."

साहेबांनी नानांच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि गठ्ठा टेबलाखाली सरकवला. तेव्हा कुठे सगळ्या हॉलनं मोकळा श्वास घेतला.