भागूबाईच्या पायाखालची चकती

कुणीतरी पाणचट गोंद वापरला होता. आपण माणसांच्या पायाखालची जमीन बनवतोय हे त्याला नीट ठाऊक होतं, आणि तरीही त्याने तोच वापरला. धरणात गेलेल्या आंबेघोळच्या दोनशे अकरा माणसांचं पुनर्वसन एकास बहात्तर या प्रमाणात झालं, त्याला जेमतेम तीन वर्षं होत होती, आणि जमिनीचे पोपडे निघू लागले होते.

प्रमाणाबद्दल वाद नव्हता. जमीन तेवढीच शिल्लक होती, म्हणून माणसंही आक्रसून त्या मापाची करण्यात आली. जेमतेम इंचभर उंची, अंगावर दर वर्षी रंगाचा एक हात आणि प्रत्येकाच्या नावे रुपयाएवढी गोल चकती. चकतीवर वाळूचा आणि रंगाचा थर देऊन ढेकळं, बांध असं सगळं दाखवलेलं असे आणि पाय त्या थरात रोवलेले असत. ज्याचा निम्म्याहून जास्त थर सुटला तो भूमिहीन ठरे. भूमिहीनाला कापसात गुंडाळून कार्यालयातल्या साहेबांच्या टेबलाच्या खणात ठेवत. तिथून बाहेर काढण्याची तरतूद नव्हती.

अनघा टेमकर शिल्पकलेची पदवी घेऊन पुनर्वसन कार्यालयात कंत्राटी पायाकार, म्हणजे चकत्यांची डागडुजी करणारी, म्हणून लागली. पहिल्याच दिवशी तिने एक चकती उलटसुलट करून पाहिली आणि ती भडकली. प्लास्टिकची चकती पॉलिश पेपरने घासलेलीच नव्हती. गुळगुळीत पृष्ठभागावर गोंद धरत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं. वाळू न धुता टाकलेली, तिच्यावर पातळ गोंदाचा हात नाही, वॉर्निश नाही, नुसता रंग. नखाने टोकलं की अख्खं शेत हातात येई.

ती तडक पुनर्वसन अधिकारी डोईफोडे साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

“साहेब, पॉलिश पेपर, चांगला गोंद आणि वॉर्निशचा एक डबा द्या. जमीन वीस वर्षं हलणार नाही.”

डोईफोडेंनी नियमपुस्तिका उघडली. “पर्यायी जमीन मूळ जमिनीपेक्षा टिकाऊ असता कामा नये.”

“मूळ जमीन पिढ्यान्‌पिढ्या टिकली होती!”

“टिकली असती तर ही मंडळी इथं कशाला आली असती, टेमकर मॅडम? मूळ जमीन पाण्याखाली गेली. म्हणजे टिकाऊ नव्हती. तसा अहवाल आहे.”

“पाणी तुम्हीच अडवलंत ना?”

“तो वेगळा विभाग.”

अनघा बाहेर आली ती दात आवळून. सोमवारी चकत्यांची तपासणी होती. आंबेघोळच्या भागूबाई ढेबेच्या चकतीवर निम्म्याला एक ढेकूळ जास्त, एवढीच जमीन उरली होती. उरलेला थर सुटू नये म्हणून म्हातारी तीन दिवस एका पायावर उभी होती. तिचा नवरा मागच्या तपासणीत खणात गेला होता, आणि आणखी सहा जणही.

भागूबाईचं बोलणं ऐकायला कान टेबलाला टेकवावा लागे. अनघाने टेकवला.

“आजी, मी माझ्या खर्चाने सगळं आणते. बारीक वाळू घालून पक्की जमीन करून देते.”

“वाळू नगं, पोरी. आमची माती आण. वैशाखात पाणी उतरलं की शेत उघडं पडतं माझं. आंब्याच्या खोडापाशी.”

रविवारी अनघा धरणावर गेली. पाणी उतरलं होतं, खोड उघडं पडलं होतं. तिने मूठभर माती आणली, चाळली आणि तव्यावर खमंग भाजली. ओली माती गोंदाखाली कुजते आणि थर उचलते, म्हणून.

सोमवारी सकाळी कार्यालय उघडताच ती कामाला लागली. भागूबाईने मातीचा वास घेतला मात्र, ती कडाडली.

“माझी माती भाजलीस व्हय गं?”

“हो आजी,” अनघा खालमानेने म्हणाली. “यात आता काही उगवणार नाही. पण निदान सुटणार तरी नाही.”

“काय उगवणार न्हाई? अगं येडे, पालापाचोळ्याचा राब घालून जमीन भाजल्याबिगर नाचणीचं रोप येतंय व्हय? आधी भाजायची, मग पेरायची. शिकलेली हाईस न्हवं?”

महाविद्यालयात हे कुणी सांगितलं नव्हतं. अनघाने म्हातारीला बाजूला उभं केलं, चकती घासली, गोंद लावला, माती पसरली, वर पातळ गोंद पाजला, सुकल्यावर वॉर्निश दिलं. म्हातारीने दोन्ही पाय रोवून पाहिले.

“खालनं गोंद लावलास का?”

“खालून कशाला?”

“जमीन वरनं जात न्हाई, पोरी. आमची खालनंच गेली. पाणी खालनं चढलं.”

अनघाने दोन नळ्यांचा घट्ट गोंद कालवला, चकतीच्या पोटाला फासला, आणि तपासणी जिथे होते तिथेच, साहेबांच्या टेबलाच्या मधोमध, चकती दाबून ठेवली.

अकराला डोईफोडे आले. त्यांनी नखाने टोकलं. काही निघालं नाही. टाचणीने कोरलं, टाचणी वाकली.

“हे नियमबाह्य टिकाऊ आहे,” ते म्हणाले. “हिंदुराव, चकती जप्त करा. लाभार्थी खणात.”

शिपाई हिंदुरावने चकती ओढली. मग दोन्ही हातांनी ओढली. टेबलाचे पुढचे पाय उचलले गेले, चकती सुटली नाही.

“आता काढा नियमपुस्तिका!” अनघा ओरडली. “वाचा ना!”

डोईफोडेंनी वाचलं. अखंड जमिनीवरून लाभार्थ्यास हलवता येत नाही. जमिनीपासून वेगळा न होणारा भाग त्याच जमिनीचा समजावा. त्यांनी ते पुन्हा वाचलं, मग टेबलाकडे पाहिलं, आणि टेबलावरचे कोपर हळूच उचलले.

भागूबाई काहीतरी म्हणत होती. अनघाने कान लावला आणि मोठ्याने सांगितलं, “म्हणतायत, खण उघडा. तो त्यांच्या हद्दीत आहे.”

डोईफोडेंनी किल्ली दिली. हिंदुरावने खण उघडला, कापूस सोडवला आणि सात माणसं एकेक करून टेबलावर उभी केली. मग तो साहेबांच्या खुर्चीपाशी अदबीने आला.

“साहेब, सामान आजच हलवताय, का नोटीस येईस्तोवर थांबताय?”